इंगवल्यांच्या हातची गाडी

“घ्यायचीच असेल तर मॅन्युअल घे गं. ती दुसरी नको.”

मृणालिनी वहिनी हे बोलल्या तेव्हा त्या चहा गाळत होत्या आणि त्यांची पाठ तेजलकडे होती. का, म्हणून तेजलनं विचारलं. वहिनींनी गाळणीतला चोथा झाडला, बाहेरच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, “ह्यांना राग आला की ती फार छान चालते.”

तेजल हसली. तिला ती तक्रार वाटलीच नाही. नवऱ्याच्या लाडक्या गाडीबद्दल बायका अर्धं कौतुकानं, अर्धं सवतीबद्दल बोलल्यासारखं बोलतात, तसंच काहीसं वाटलं. कपांचा ट्रे उचलून ती बाहेर आली, आणि ते वाक्य मागे ओट्यावरच राहिलं.

बाहेर फरशीवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही एकाच बनावटीच्या: दोन दारांच्या, जमिनीला टेकल्यासारख्या, मागे जेमतेम एका लेकरापुरती सीट. हळदी रंगाची होती ती मॅन्युअल, आणि राखाडी होती ती ऑटोमॅटिक. त्यांचे मालक, वहिनींचे यजमान उदयसिंह इंगवले, म्हणजे घाटातल्या शर्यतींमध्ये एके काळी ज्यांच्या पुढे कुणी जात नसे असा माणूस. तेजलचा नवरा अभिनंदन मगदूम शाळेत असताना सायकलवरून त्यांची गाडी बघायला जायचा. आता इंगवल्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी इतक्या खाली बसायला मनाई केली होती, म्हणून दोन्ही गाड्या विकायला काढल्या होत्या. त्यातली एक मगदूमांच्या घरी येणार, एवढं ठरलेलं होतं. कुठली, ते ठरायचं होतं.

तोवर देशभर गाड्या विजेवर गेल्या होत्या, आणि गिअर हा शब्द मुलं आजोबांच्या तोंडून ऐकायला लागली होती. पण कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात कारखान्यांचं इथेनॉल मुबलक होतं. त्यावर चालणारी इंजिनं इथं टिकली, आणि त्यांच्याबरोबर गिअरही टिकले. आणि हे गिअर आता पहिल्यासारखे राहिले नव्हते.

पूर्वीची ऑटोमॅटिक गाडी कायम माणसाच्या मागून यायची. तुम्ही पाय दाबायचा, मग तिला कळायचं, मग ती गिअर बदलायची. नव्या गिअरबॉक्सनं ही दिरंगाईच काढून टाकली. माणसाचा पाय हलण्याआधी त्याचं शरीर तयारी करतं. पोटरी ताठते, बोटं स्टिअरिंगवर आवळतात, श्वास अडतो, तळहाताला घाम येतो, नजर आधीच पुढच्या वळणावर जाऊन पोचते. सीटमधले, स्टिअरिंगमधले, आरशाजवळचे सेन्सर हे सगळं टिपत राहायचे. एकाच माणसानं काही हजार किलोमीटर गाडी चालवली की तो आता काय करणार हे गाडीला त्याच्याआधी कळायचं. गिअर पडून गेलेला असायचा. मग पाय हलायचा. तिचं आणि चालवणाऱ्याचं किती जमतंय ते समोरच्या काचेखाली एका हिरव्या रेघेत दिसायचं. रेघ भरत गेली की गाडी लोण्यासारखी चालायची.

गाडी विकताना मात्र कंपनी एक प्रश्न विचारायची: जुन्या मालकाचं शिक्षण ठेवायचं की पुसायचं? पुण्या-मुंबईकडं लोक निमूटपणे पुसून घेत. इकडं तसं कुणी करत नसे. शर्यतीचा बैल घेताना आधी ‘हात कुणाचा’ हे विचारायची इथली जुनी रीत. कुणी माणसाळवलाय, कुणी पळवलाय, यावर त्याची किंमत. तोच प्रश्न आता गाड्यांच्या बाजारात आला होता. कोरी गाडी कुणालाच नको असायची. सगळे ‘शिकलेली’ मागायचे. आणि ही तर इंगवल्यांच्या हातची होती.

अभिनंदनला खरं म्हणजे मॅन्युअल हवी होती. तो हळदी गाडीच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बराच वेळ नुसता बसला होता. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासायच्या कामावर होता, स्वभावानं इतका मऊ की सदोष माल परत पाठवतानाही ठेकेदाराला चहा पाजायचा. शिकायला मजा येईल गं, म्हणाला. पण तेजलकडे लायसन्सच ऑटोमॅटिकचं होतं. चार्वीच्या बाळंतपणापासून तिची कंबर धरायची, क्लच दाबणं तिला झेपणारं नव्हतं. आणि या सगळ्याच्या तळाशी ती भीती होती, जी चार्वी जन्मल्यापासून तिला एक दिवससुद्धा सोडून गेली नव्हती: हा घरची विजेची गाडी घेऊन कामावर गेलेला असताना पोरीला काही झालं तर? घरात गाडी उभी आणि आपल्याला ती हलवता येत नाही, असं झालं तर?

इंगवले झोपाळ्यावरून म्हणाले, “भावा, पिवळी तुला शिकावी लागंल. ही शिकलेली आहे.”

अभिनंदननं तेजलकडे बघितलं आणि नेहमी म्हणायचा तसं म्हणाला, “तू म्हणशील तसं.”

आणि तेजल म्हणाली, राखाडी.

*

पहिले काही आठवडे गाडी त्याच्याशी रुसल्यासारखी वागली. अभिनंदन हलक्या पायाचा माणूस. खड्डा लांबून बघून हळू होणारा, म्हशीला आधी वाट देणारा. गाडीचे सगळे अंदाज चुकायचे. तिला वाटायचं हा आता दामटणार, आणि हा थांबायचा. दर वेळी बारीकसा धक्का बसायचा, पाठीत कुणी बोट खुपसावं तसा. हिरवी रेघ पेरभर उमटून मिटून जायची. मागे बसलेल्या चार्वीला त्या धक्क्यांनी गाडी लागायची, आणि शहराची वेस ओलांडायच्या आत तेजलच्या मांडीवरची पिशवी भरलेली असायची. इंगवल्यांना फोन केला तर ते म्हणाले, तू भिऊन चालवतोस, तिला भिऊन चालवलेलं कळत नाही.

मग बाहुबलीचा तो रविवार आला.

कुंभोजच्या डोंगरावर दर्शनाला गेले होते. परतायची घाई होती. सासूबाई सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत, आणि मुलगा घरी आल्याखेरीज ताटावर बसत नसत. म्हणजे हे उशिरा पोचले तर म्हातारी सकाळपर्यंत उपाशी. आणि नेमकी चार्वीची एक चप्पल वर पायऱ्यांवर कुठंतरी राहिली. तेजल ती आणायला परत वर गेली, आणि उतरून येईपर्यंत उन्हं पिवळी पडली होती.

“एक चप्पल सांभाळता येत नाही तुला?” अभिनंदन म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तो दार आपटून बसला. बोटं स्टिअरिंगवर घट्ट, जबडा आवळलेला. आणि गाडी सुटली. सुटली म्हणजे अशी, की जणू इतके दिवस ती दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत थांबली होती. हातकणंगल्यापर्यंत एक धक्का बसला नाही. वळणं आपणहून बाजूला सरकावीत तशी सरकत होती. हिरवी रेघ काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. चार्वी मागे झोपून गेली. सूर्य उसावर टेकलेला असताना ते दारात पोचले, आणि सासूबाई म्हणाल्या, आलास बाबा वेळेत.

गाडीतून उतरला तेव्हा अभिनंदनचा चेहरा उजळला होता. तेजलला वाटलं, हा आता चपलेबद्दल माफी मागेल. त्यानं गाडीच्या छतावर हात फिरवला आणि आत गेला.

*

तेजलनं विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. नोकरी चार्वीच्या जन्मानंतर सुटली, पण बघायची सवय सुटली नाही. पोरीचा ताप, पोरीची झोप, नवऱ्याची जांभई, काहीही तिच्या नजरेतून निसटत नसे. म्हणून तिला लवकरच दिसलं, की आता दर रविवारी जेवण झालं की घरात काहीतरी बिनसतं.

बिनसायला काहीही पुरायचं. चटणीच्या डब्याचं झाकण नीट लागलेलं नसायचं. टॉवेल ओला असायचा. तिच्या भावाचा फोन आलेला असायचा. अभिनंदन आधी घरभर हिंडायचा, ही वस्तू उचल, ती खाली ठेव, जणू काही शोधतोय. आणि मग ते त्याला सापडायचं. मग तो बोलायचा. सुरुवातीला जीभ अडखळायची त्याची, सवय नसलेल्या माणसासारखी. पुढे पुढे अडखळेनाशी झाली. बोलून झालं की किल्ली उचलायचा आणि तिला नाहीतर चार्वीला, कधी दोघींनाही म्हणायचा, चला. परत येताना पुन्हा तो जुना अभिनंदन. वाटेत थांबून उसाचा रस पाजणारा, पोरीला खांद्यावर घेणारा. ‘तू म्हणशील तसं’ मात्र आता त्याच्या तोंडून येत नव्हतं.

तेजलनं स्वतःची समजूत घातली. फाउंड्रीत कामाचा ताण असेल. पुरुषांना तिशी ओलांडल्यावर असं होतं म्हणे. रविवारी दुपारी ती आधीच झाकणं तपासून ठेवायला लागली.

असंच एकदा निघताना चार्वी तिचा पदर ओढायला लागली. नेहमीची पिशवी घेतलीस का, म्हणून तेजलनं तिला विचारलं होतं. चार्वी म्हणाली, “पिशवी नको. आई, बाबाला सांग ना, आज तुझ्यावर ओरडायला.”

“काय?”

“बाबा ओरडला की मला उलटी होत नाही.”

ती हे अगदी सहज बोलली. खिडकी उघड, म्हणजे वारा येईल, असं म्हणावं तितक्या सहज. तेजल पिशवी हातात धरून पायरीवर उभी राहिली. आणि कुठल्याशा ओट्यावर सोडून आलेलं एक वाक्य तिथून उठून तिच्यापाशी चालत आलं.

*

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. जुन्या मालकाचं नाव, त्याचे रस्ते, त्याच्या वेळा, सगळं पुसलं गेलेलं आहे मॅडम, कुणाची खासगी माहिती गाडीत राहत नाही. तेजलनं विचारलं, मग राहतं काय? मुलगी म्हणाली, फक्त पद्धत राहते.

पुढचं तेजलला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो तिच्याच विषयाचा भाग होता. यंत्र नमुन्यांवरून शिकतं. जे पुष्कळदा बघितलं त्याचा अंदाज नेमका येतो, जे बघितलंच नाही तिथं नुसतं चाचपडणं. इंगवल्यांची पद्धत सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होती: घरात वाजलं की किल्ली घेऊन बाहेर पडायचं आणि घाट गाठायचा. शर्यतीतसुद्धा ते चिडल्याशिवाय जिंकत नसत, लोक हे कौतुकानं सांगायचे. म्हणजे या गाडीनं हजारो किलोमीटर एकच शरीर बघितलं होतं, चिडलेलं. आवळलेली बोटं, अडलेला श्वास, तापलेला तळवा. त्या शरीराची तिला खडान्‌खडा माहिती होती. शांत माणसाचं शरीर तिला परकं होतं.

आणि ही गोष्ट एका बाजूनंच चालत नव्हती. गाडीचा अंदाज बरोबर आला की सगळं मऊसूत; चुकला की पाठीत धक्का. धक्का कुणालाच नको असतो. मन त्याची दखल घेवो न घेवो, शरीर तो टाळायला शिकतं, चटका बसल्यावर बोट शिकतं तसं. अभिनंदन गाडीला काही शिकवू शकला नव्हता. तो फारच हलक्या पायाचा होता. गाडीनंच त्याला शिकवलं होतं. रविवारी एक तास लोण्यासारखा हवा असेल तर काय घेऊन बसायचं, ते. आणि ते घरातून न्यावं लागायचं.

*

एवढं कळल्यावरही ती आठवडाभर गप्प राहिली. कसं बोलायचं, याची मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात शुक्रवारी दुपारी चार्वीची छाती भरून आली. धाप लागायची तिला अधूनमधून, पण या वेळी ओठ निळसर दिसायला लागले. अभिनंदन विजेची गाडी घेऊन कामावर गेला होता. दारात राखाडी उभी होती. याच दिवसासाठी तर तेजलनं ती निवडली होती.

तिनं पोरीला मागे बांधलं, तोंडाला औषधाचा मास्क लावला आणि गाडी काढली. कळंब्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचे हात थरथरत होते. गाडीला त्या थरथरण्याचा काही अर्थ लागेना. ती पुढे झेपावायची, अडखळायची, पुन्हा झेपावायची. प्रत्येक धक्क्यासरशी चार्वीचा श्वास तुटायचा. शाळा सुटायची वेळ. रिक्षा, सायकली, पोरं. चौकात तर गाडी मधोमध थबकली, आणि मागून हॉर्न सुरू झाले. हिरव्या रेघेचा पत्ता नव्हता. तेजल तोंडानं म्हणत होती, चल गं बाई, चल. आणि गाडीला भीती कळत नव्हती.

चार्वीनं मास्क ओढून काढला. तेजलनं मागे हात घालून बसवला. तिनं परत काढला, उलटी केली, आणि मास्क खाली फेकला.

तेजल वळली आणि तिनं पोरीच्या दंडावर मारलं. एकदा, जोरात. “मर मग तशीच,” असं तिच्या तोंडून गेलं.

आणि गाडी निघाली. रिक्षांमधून, सायकलींमधून, कुणालाही न घासता, पाण्यातून मासा जावा तशी. बोटं आवळलेली होती, श्वास अडला होता, डोळ्यांत पाणी आणि ओठ घट्ट मिटलेले. काचेखाली हिरवी रेघ भरत भरत टोकाला पोचली. आणि त्या सगळ्या कालव्यात, पोर मागे मुसमुसत असताना, तेजलच्या अंगातून एक सुख गेलं. किती छान चालते ही, असं तिच्या मनात आलं. ते यायला नको होतं, पण आलं.

दवाखान्यात औषधाची वाफ दिल्यावर चार्वीचे ओठ गुलाबी झाले. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलंत. दंडावरचे वळ त्यांनी बघितले असावेत, पण काही विचारलं नाही. बाकावर आईच्या मांडीत बसून चार्वी म्हणाली, “मग गाडीचे धक्के थांबले ना?”

जणू तिनंच काहीतरी करून आईला मदत केली होती.

*

तेजलनं दवाखान्याच्या आवारातूनच मृणालिनी वहिनींना फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. तुम्ही मला नीट का नाही सांगितलं, एवढंच विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “सांगितलं की गं. तू हसलीस.”

“आणखी सांगायचं होतं.”

“आणखी सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. आणि मला ती दारातून घालवायची होती.”

तेजलनं विचारलं, आता बरं आहे का तिकडं. वहिनी हसल्या, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “गाडी गेली. राग इथंच राहिला. आधी निदान घाटात तरी जायचा. आता घरातच असतो दिवसभर.” मग कुणीतरी त्यांना हाक मारली असावी, कारण फोन पटकन बंद झाला.

*

रविवारी सकाळी अभिनंदन गाडी धूत होता. तेजल बादलीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं: नमुने, धक्के, इंगवले, झाकणं. तिला वाटलं होतं तो चकित होईल, मग हादरेल, मग दोघं मिळून काहीतरी करतील. तो फडकं पिळत राहिला.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“बाहुबलीपासून.” त्यानं बॉनेटवरचा एक थेंब टिपला. “आठवड्यातून एक तास, तेजू. बाकी सगळा वेळ मी तुमचाच असतो की. तेवढं तू चालवून घेशील असं वाटलं मला.”

म्हणजे तो भांडला नव्हता. त्यानं प्रत्येक वेळी तिला वापरलं होतं, टाकीत इथेनॉल भरावं तसं. आणि आपण चोरी करतोय असंही त्याला वाटलं नव्हतं. मग तिनं शुक्रवारचं सांगितलं, जे तोवर दडवून ठेवलं होतं. मी चार्वीला मारलं, म्हणाली. मर म्हणाले तिला. मग गाडी छान चालली.

अभिनंदननं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि त्यानं विचारलं, “रेघ किती भरली?”

विचारून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. फडकं हातातून बादलीत पडलं. तो ओल्या फरशीवर खाली बसला, आणि म्हणाला, काढून टाकू. विकू.

तेजल म्हणाली, विकायच्या आधी पुसायची. तो हो म्हणाला. पण गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा त्याचं हो बारीक झालेलं होतं.

तासगावचं जोडपं होतं, नवं. मुलगा उत्साही, गाडीभोवती फिरताना जपून पाय टाकणारा, देवळात टाकावेत तसे. मुलीचं नाव प्राची. सहावा-सातवा महिना असावा. अभिनंदननं पुसायचं नुसतं सुचवलं, तर मुलाचा चेहराच उतरला. “मग एवढ्या लांब कशाला आलो दादा? इंगवल्यांचा हात आहे म्हणून तर आलो.” अभिनंदननं तेजलकडे बघितलं. आणि किती दिवसांनी, अगदी जुन्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाला, “तू म्हणशील तसं.”

तेजल त्या गाडीकडे बघत होती. त्यात इंगवल्यांचा हात होता. आता अभिनंदनचे इतके रविवारही होते. आणि एका शुक्रवारची दुपार तिची स्वतःची होती. पोरीच्या दंडावर हात पडतो तेव्हा आईचं शरीर कसं असतं, हेही गाडी शिकून बसली होती. पुसायची म्हटलं तर हे गिऱ्हाईक जाणार, दुसरं येईपर्यंत गाडी दारात राहणार, आणि मधे किती रविवार येतील कुणास ठाऊक. ती काहीच बोलली नाही. सरबत आणते, म्हणून आत गेली. प्राची तिच्या मागोमाग आली, मदतीला.

तेजलनं लिंबू पिळलं. बाहेरच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “जमलं तर मॅन्युअल बघा तुम्ही. ही नको.”

का हो, म्हणून प्राचीनं विचारलं. तेजलनं सांगितलं. पण सगळं सांगितलं नाही. व्यवहार मोडणार नाही एवढंच सांगितलं. चिडून चालवली की ही फार छान चालते, म्हणाली. प्राची पोटावर हात ठेवून हसली. मला मॅन्युअल येतच नाही ना ताई, म्हणाली. आणि आता बाळ झालं की अडीअडचणीला मलाही चालवता यायला हवी.

संध्याकाळ व्हायच्या आत गाडी गेली. सासूबाई वेळेत जेवल्या.

अभिनंदन अजून रविवारी दुपारी घरभर हिंडतो. डबे उघडतो, मिटतो. कधी काही सापडतं, कधी सापडत नाही. सापडलं की बोलतो, आणि बोलून झाल्यावर त्याचा हात खुंटीवरच्या किल्लीकडे जातो. तिथं ती किल्ली नसते. मग तो तसाच उभा राहतो, आणि तेजल चार्वीला घेऊन शेजारी जाते.

आता तेजलचं एक मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे, कारण प्राची तिचा फोन उचलत नाही. तासगावात तुमचं कुणी असेल, किंवा तुम्हीच तिकडं राहत असाल, तर गल्लीत एक दोन दारांची राखाडी गाडी दिसते का बघा. आधी घरातून आवाज येतो आणि मग ती गाडी सुटते, असं कुणी सांगितलं तर तेच घर. नवरा बाहेर असताना जा. बेल वाजवा. बाळ झालं असेल आता. बाळ बघायला आलो म्हणा. प्राचीला विचारा, कशी आहेस. ती हसेल. हसली म्हणून लगेच परत फिरू नका, तेजलही हसली होती. आत जाऊन बसा, पाणी मागा, बाळाला मांडीवर घ्या आणि त्याचे दंड बघा. मग गाडीची चौकशी करा, कशी चालते म्हणून.

‘फार छान’ म्हणाली, तर उठू नका.